बटाट्याच्या अंगावरचा रवा

यंदा आगमनकाळाचा पहिला रविवार आणि माझ्या धाकट्या भावाचा अकरावा वाढदिवस एकाच दिवशी आले. मिस्साहून परतताना तो डॅडींना घेऊन माशांच्या दुकानात गेला आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत दोन इवले गोल्डफिश घेऊन आला. घरच्या टाकीत आधीपासून दोघं होते. एक बटाटा, म्हणजे फुगलेल्या पोटाचा केशरी गोल्डफिश, आणि दुसरा काळू, डोळे बाहेर आलेला काळा. भावाने पिशवी फोडली आणि पाण्यासकट नवे मासे टाकीत ओतले. मी तिथेच उभी होते. टाळ्यासुद्धा वाजवल्या.

गुरुवारी संध्याकाळी तो ओरडला, "अक्का, याच्या अंगावर रवा सांडलाय बघ की!"

खरंच रवा सांडल्यासारखंच दिसत होतं. एका नव्या माशाच्या शेपटीवर आणि पाठीवर बारीक पांढरे कण होते. दुसऱ्या दिवशी तसेच तीन-चार कण बटाट्याच्या कल्ल्याजवळ दिसले.

पुढच्या तीन आठवड्यांत मी जे शिकले ते इथे लिहिते आहे. मी प्राणिशास्त्राची विद्यार्थिनी नाही, साहित्याची आहे. चुका करत करत शिकले आणि त्या चुकांची किंमत मी नाही, माशांनी मोजली. आपल्या वाङ्मय मंडळात निदान चार-पाच जणांच्या घरी काचेची टाकी आहे हे मला ठाऊक आहे. त्यांच्यासाठी हा लेख.

रवा म्हणजे काय?

या आजाराला सगळे 'व्हाइट स्पॉट' म्हणतात, दुकानदार नुसतंच 'इक'. गोड्या पाण्यातल्या शोभेच्या माशांना होणाऱ्या आजारांत हा फार नेहमीचा. बुरशी किंवा जिवाणू याला कारण नसतात. एक एकपेशीय परजीवी असतो, त्याच्या अंगभर सूक्ष्म केस असतात आणि त्यांच्या जोरावर तो पोहतो. त्याचं पूर्ण नाव इक्थिऑफ्थिरियस मल्टिफिलिस. १८७६ साली फूके नावाच्या फ्रेंच अभ्यासकाने ते ठेवलं.

नाव ऐकून घाबरायचं कारण नाही, फोड केली की ते एकदम घरगुती निघतं. ग्रीकमध्ये 'इख्थिस' म्हणजे मासा, 'फ्थेर' म्हणजे ऊ. 'मल्टिफिलिस' लॅटिन आहे, अर्थ पुष्कळ पोरंबाळं असलेली. थोडक्यात, माशाची लेकुरवाळी ऊ! यातला 'इख्थिस' आपल्या ओळखीचा आहे. आरंभीच्या ख्रिस्ती लोकांनी माशाची खूण वापरली ती याच शब्दामुळे, कारण 'येशू ख्रिस्त, देवाचा पुत्र, तारणारा' या ग्रीक शब्दांची आद्याक्षरं जोडली की हाच शब्द तयार होतो. देव्हाऱ्याजवळच्या भिंतीवर आमच्याकडे ती खूण आहे. तिच्याच खाली ही टाकी.

पांढरा ठिपका दिसला की लगेच इक समजू नये. आधी नीट निरखून पाहावं. इकचे ठिपके मिठाच्या किंवा रव्याच्या कणाएवढे, सुटे आणि किंचित उचललेले असतात. कापसासारखा पुंजका दिसला तर बहुधा बुरशी. सोनेरी, पिठासारखी बारीक भुकटी अंगभर दिसली तर तो 'व्हेल्व्हेट' नावाचा निराळाच परजीवी. आणि विणीच्या दिवसांत नर गोल्डफिशच्या कल्ल्यांच्या झाकणावर आणि पुढच्या परांच्या कडेला पांढरे दाणे येतात, तो आजार नव्हे, तारुण्य! ते दाणे ओळीत आणि ठरावीक जागीच असतात, बाकी अंग स्वच्छ असतं आणि मासा मजेत खातपीत असतो.

ठिपक्यांपेक्षा वागणं आधी बदलतं. आजारी मासा टाकीतल्या खड्यांवर अंग घासतो, जणू पाठ खाजवतोय. पर मिटून घेतो. खाणं टाकतो. कल्ल्यांची उघडझाप वाढते. बटाटा बुधवारपासूनच खड्यांवर अंग घासत होता. आम्हाला वाटलं, नवे पाहुणे आलेत म्हणून खुशीत आहे.

पहिली चूक : स्वच्छता

आमच्या घरी कुणी आजारी पडलं की मम्मी आधी सगळं घर धुऊन काढते. मीही तेच केलं. शुक्रवारी कॉलेजमधून आले, मासे बादलीत काढले, टाकी रिकामी केली, खडे घासले, फिल्टरमधला स्पंज नळाखाली चांगला पिळून पिळून धुतला आणि टाकीत ताजं पाणी भरलं. टाकी आरशासारखी चमकत होती.

रविवारी सकाळी नव्या माशांपैकी एक उताणा तरंगताना दिसला.

हे का घडलं ते कळायला टाकीचं अर्थशास्त्र ठाऊक असावं लागतं. मासा कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया टाकत असतो. उरलेलं खाणं कुजलं की आणखी अमोनिया तयार होतो, आणि अमोनिया माशाला विष. चालू टाकीत स्पंजवर, खड्यांवर, काचेवर काही जिवाणू वस्ती करून असतात. त्यांच्यातले काही अमोनियाचं नायट्राइट करतात. तेही विषारीच, पण दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, जे थोड्या प्रमाणात चालतं आणि पाणी बदललं की निघून जातं. ही वस्ती बसायला कित्येक आठवडे लागतात. आपल्याला बुळबुळीत घाण वाटते तीच टाकीची मूत्रपिंडं! मी ती नळाखाली धुऊन टाकली होती, तीही क्लोरीनच्या पाण्याने.

आपल्या बेळगावचं पाणी राकसकोप आणि हिडकलच्या जलाशयांतून येतं आणि क्लोरीन घालूनच नळाला सुटतं. आपल्याला ते हवंच. पण माशाच्या कल्ल्यांना क्लोरीन भाजतं आणि ते उपयोगी जिवाणूही मारतं. आमच्या गल्लीत पाणी काही दिवसांआड येतं म्हणून ते साठवलेलं असतं, त्याचा माशांना फायदाच होतो, कारण उघड्या बादलीत चोवीस तास ठेवलेल्या पाण्यातलं क्लोरीन बरंचसं उडून जातं. नेमकं त्या शुक्रवारी नळ आलेला होता आणि मी थेट पाइप लावला. घाई असेल तर दुकानात 'अँटिक्लोरीन' मिळतं, बाटलीवर लिहिलेल्या मापाने दोन-चार थेंब पुरतात.

म्हणजे आजारी माशाच्या टाकीची 'दिवाळीची सफाई' करायची नाही. पाव भाग पाणी बदलायचं, तळातली घाण नळीने ओढून घ्यायची, आणि स्पंज धुवायचाच असेल तर टाकीतून काढलेल्या त्याच पाण्यात हलका पिळायचा.

दुसरी चूक : ठिपके गेले म्हणून आनंद

शुक्रवारीच दुकानातून निळ्या औषधाची बाटली आणली होती. रोज मोजून थेंब टाकले. टाकीचं पाणी शाईसारखं निळं झालं. मंगळवारी सकाळी बटाट्याच्या अंगावर एकही ठिपका नव्हता. भाऊ घरभर नाचला. मी औषध थांबवलं, पाणी बदललं, आणि 'बघितलंस?' अशा नजरेने मम्मीकडे पाहिलं.

शनिवारी रवा परत आला. या वेळी दोन-चार कण नव्हते. बटाट्याची शेपटी, काळूचे डोळे, उरलेला नवा मासा, सगळं अंग भरलेलं. सोमवारी पहाटे तो नवा मासाही गेला.

तो मासा मी स्टीलच्या डब्यात टाकीच्याच पाण्यात घालून कॉलेजला नेला. प्राणिशास्त्राच्या मॅडमना भीतभीतच विचारलं. वाटलं हसतील. त्या हसल्या नाहीत. त्यांनी माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर काचपट्टीवर घेतला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला. "ये, बघ."

एक गोल, करडा गोळा स्वतःभोवती संथपणे फिरत होता. त्याच्या आत घोड्याच्या नालेसारखा एक फिकट आकार. "ते त्याचं केंद्रक," मॅडम म्हणाल्या. "नाल दिसली की ओळख पक्की." मी कितीतरी वेळ डोळा काढला नाही. माझ्या घरातले मासे मारणारी गोष्ट इतकी शांतपणे फिरत असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

मग त्यांनी विचारलं, "ठिपके गेल्यावर औषध थांबवलंस ना?" मी मान डोलावली. "सगळे तिथेच फसतात," म्हणाल्या आणि फळ्यावर एक वर्तुळ काढून दिलं. ते वर्तुळ समजलं की उपचार समजला.

परजीवीचं वर्तुळ

पहिला टप्पा माशाच्या अंगात. परजीवी कातडीच्या आणि कल्ल्यांच्या वरच्या थराखाली शिरतो आणि तिथे बसून माशाच्या पेशी खातो, मोठा होतो. आपल्याला जो पांढरा ठिपका दिसतो तो म्हणजे कातडीचं पांघरूण घेतलेला हा परजीवी. पांघरुणाखाली असल्यामुळे पाण्यातलं औषध त्याच्यापर्यंत पोचतच नाही.

दुसरा टप्पा तळाशी. पोट भरलं की तो कातडी फोडून बाहेर पडतो आणि खड्यांना, काचेला, झाडाच्या पानांना चिकटतो. स्वतःभोवती चिकट कवच तयार करतो आणि आत विभागत जातो. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ. एका कवचातून काहीशे, कधी हजारापर्यंत पिल्लं निघतात. 'लेकुरवाळी' हे नाव इथून आलं. कवचामुळे या टप्प्यातही औषध फारसं लागू पडत नाही.

तिसरा टप्पा पाण्यात. कवच फुटतं आणि पिल्लं मासा शोधत पोहू लागतात. त्यांच्याकडे वेळ थोडा असतो. साधारण दोन दिवसांत मासा सापडला नाही तर ती मरतात. औषध, मीठ, सगळे उपाय मुख्यतः याच टप्प्यावर चालतात.

आता माझ्या मंगळवारकडे बघा. ठिपके 'गेले' म्हणजे परजीवी मेले नव्हते, ते पोट भरून खाली उतरले होते. मी नेमकं त्याच दिवशी औषध बंद केलं. नुसता हिशेब करा. बटाट्याच्या अंगावर तीस ठिपके होते आणि प्रत्येकातून पाचशे पिल्लं निघाली, तर पंधरा हजार! पन्नास लिटर पाण्यात तीन मासे कोंडलेले. नदीत एवढ्या पिल्लांतल्या फार थोड्यांना मासा सापडतो. टाकीत शोधायला जावंच लागत नाही.

हे वर्तुळ किती दिवसांत पुरं होतं ते पाण्याच्या उष्णतेवर अवलंबून असतं. २५ अंशांच्या आसपास आठवडाभर किंवा त्याहूनही कमी. पाणी १० अंशांवर असेल तर महिन्याहून जास्त. आणि ३० अंशांच्या जवळ नेलं की बहुतेक जातींच्या या परजीवीला वाढता येत नाही. डिसेंबरातल्या बेळगावच्या रात्री आपल्याला ठाऊक आहेतच. हीटर नसलेल्या आमच्या टाकीत सकाळी २० अंश आणि दुपारी २४. या चढउतारानेच माशांची प्रतिकारशक्ती खचते, म्हणून थंडीच्या तोंडावर आणि पावसाळ्याच्या सुरुवातीला हा आजार जास्त दिसतो.

उपचार : मोजूनमापून

सोमवारी संध्याकाळी मी पहिल्यांदा टाकी मोजली. हे सगळ्यात आधी करायला हवं होतं. लांबी ६० सेंटिमीटर, रुंदी ३०, पाण्याची उंची ३२. गुणाकार केला की ५७,६०० घन सेंटिमीटर, म्हणजे ५७.६ लिटर. खड्यांनी व्यापलेली जागा वजा करून मी ५० लिटर धरलं. टाकीचं माप ठाऊक नसताना औषध टाकणं म्हणजे वजन न करता बाळाला औषध पाजणं.

मॅडमनी गोल्डफिशसाठी उष्णता आणि मीठ हा मार्ग सांगितला. दोन्ही सावकाश वाढवायचे.

उष्णता : डॅडींनी शंभर वॉटचा हीटर आणि थर्मामीटर आणून दिला. दर काही तासांनी एकेक अंश असं करत दोन दिवसांत पाणी २१ वरून २९-३० वर नेलं. एकदम गरम पाणी ओतायचं नाही, त्या धक्क्यानेच मासा जाईल. उष्णतेमुळे दोन गोष्टी होतात. परजीवीचं वर्तुळ भराभर फिरतं, त्यामुळे तो लवकर पाण्यातल्या उघड्या टप्प्यात येतो. आणि ३० च्या जवळ त्याची वाढच खुंटते. पण इथे एक अडचण आहे. पाणी जितकं गरम तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंशांना लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसातच. ज्या माशाचे कल्ले आधीच पोखरलेले आहेत त्याला ही तूट जड जाते. म्हणून एअरपंप चोवीस तास चालू ठेवायचा, पाण्याची पातळी थोडी उतरवून फिल्टरचं पाणी वरून पडू द्यायचं. गोल्डफिश मुळात थंड पाण्यातला, त्यामुळे ही उष्णता उपचारापुरतीच, कायमची नव्हे.

मीठ : साधं खडे मीठ, ज्यात दुसरं काही मिसळलेलं नाही असं. लिटरमागे १ ग्रॅम, म्हणजे ५० लिटरला ५० ग्रॅम. पहिल्या दिवशी तेवढंच. दुसऱ्या दिवशी आणखी ५०, तिसऱ्या दिवशी आणखी ५०. एकूण १५० ग्रॅम, लिटरला ३ ग्रॅम. प्रत्येक वेळी मीठ मगभर पाण्यात पूर्ण विरघळवून टाकीच्या कडेने हळूहळू सोडायचं. खडा तळाशी पडला आणि मासा त्यावर टेकला तर कातडी भाजते. आणि मीठ उडून जात नाही हे लक्षात ठेवायचं. पाणी कमी झालं म्हणून भर घालताना मीठ घालायचं नाही. जेवढं पाणी काढून बदललं तेवढ्याचंच मीठ परत द्यायचं. मी दर दोन दिवसांनी १२ लिटर बदलत होते, म्हणून दर वेळी ३६ ग्रॅम.

हे माप गोल्डफिशचं. मॉलीला मीठ मानवतं, पण खवले नसलेल्या कॅटफिशसारख्या माशांना आणि पाणवनस्पतींना ते झेपत नाही. तुमच्या टाकीत ते असतील तर आधी जाणकाराला विचारा.

तळ : परजीवीची कवचं तळाशी असतात, म्हणून पाणी बदलताना नळीचं तोंड खड्यांमध्ये खुपसून घाण ओढायची. हे काम भावाने अंगावर घेतलं.

खाणं : दिवसातून एकदाच, दोन मिनिटांत संपेल एवढंच. उरलेलं काढून टाकायचं. आपल्याकडे आजारी माणसाला सारखं काहीतरी भरवायची सवय आहे, माशाला ती भोवते.

मग दुकानातल्या औषधांचं काय? मॅलकाइट ग्रीन असलेली औषधं इकवर नक्की चालतात. पण ती नावाप्रमाणे हिरवी आणि जहाल असतात. हातमोजे घालूनच हाताळायची, मुलांच्या हाती द्यायची नाहीत. खाण्याच्या माशांसाठी ती वापरायला अनेक देशांत बंदी आहे, यावरून काय ते समजा. फिल्टरमध्ये कार्बनची पिशवी असेल तर औषधाआधी ती काढावी लागते, नाहीतर कार्बन औषधच शोषून घेतो. माझ्या निळ्या बाटलीत मेथिलीन ब्लू होतं. ते बुरशीवर आणि अंड्यांवर जास्त वापरतात, आणि त्याने स्पंजवरचे उपयोगी जिवाणूही मरतात. म्हणजे आधी मी ती वस्ती धुतली, मग उरलीसुरली निळी केली. आणखी एक, दोन-तीन औषधं एकत्र कधी टाकू नयेत. 'काहीतरी लागू पडेल' या आशेने टाकलेल्या तीन बाटल्यांतून मासा वाचला तर तो औषधांमुळे नव्हे, औषधं असूनही वाचला म्हणायचं.

काळू

बुधवारी रात्री काळू पाण्याच्या वर तोंड काढून हवा गिळत होता. ठिपके त्याच्या अंगावर फारसे दिसत नव्हते. इकची ही वाईट खोड आहे, बाहेरून दिसतं त्यापेक्षा कल्ल्यांत जास्त असतं. कल्ला म्हणजे माशाचं फुप्फुस. तिथला थर फाटला की प्राणवायूही घेता येत नाही आणि अंगातले क्षारही राखता येत नाहीत.

शेजारच्या काकू येऊन बघून गेल्या. "किल्ला तलावात सोडून या की त्याला, मोकळ्या पाण्यात जगेल." त्यांचा हेतू चांगलाच होता. पण टाकीतला मासा तलावात कधीच सोडायचा नाही, आजारी तर नाहीच. तो जगत नाही आणि त्याचा आजार तिथल्या माशांना जातो. जगला तर गोल्डफिश तळ उकरून सगळं पाणी गढूळ करतो. संडासात जिवंत ओतणं आणि जिवंत फ्रीझरमध्ये ठेवणं हेही क्रूर. मासा वाचणारच नाही आणि तडफडतोय अशी वेळ आली, तर लवंगेच्या तेलातल्या द्रव्याने त्याला गुंगीत नेऊन शेवट करण्याची पद्धत पशुवैद्य वापरतात. पण तीही त्यांच्याच सल्ल्याने.

लवंगेचं तेल आमच्या घरी होतं, डॅडींच्या दातांसाठी. बाटली मी हातात घेतली, परत ठेवली. कुणाला विचारावं तर रात्रीचे साडेअकरा वाजले होते. तो वाचणार नाही हे मला दिसत होतं, पण तशी खात्री मला चार दिवसांपूर्वी तो बरा झाल्याचीही होती. भाऊ झोपला नव्हता. आम्ही दोघं टाकीसमोर चटईवर बसलो. आजी म्हणायची, संत अंतोनीचं माणसांनी ऐकलं नाही तेव्हा त्याने रिमिनीच्या किनाऱ्यावर माशांना प्रवचन दिलं आणि मासे डोकी वर काढून ऐकत राहिले. भावाला ती गोष्ट आठवली. "काळूपण डोकं वर काढून ऐकतोय काय गं?" मी म्हटलं, "नाही रे. त्याला श्वास घेता येत नाहीये."

दीडच्या सुमारास तो गेला.

सकाळी पेरूच्या झाडाखाली खड्डा करताना भावाने विचारलं, "तू औषध बंद केलंस म्हणून गेला काय?"

मला 'देवाची इच्छा' म्हणता आलं असतं. दुकानदाराने आजारी मासे दिले असंही म्हणता आलं असतं, आणि ते खोटं नव्हतं. पण तो अकरा वर्षांचा आहे, त्याला कारणं कळतात. मी म्हटलं, "होय. मी चार दिवसांत थांबवलं. थांबवायला नको होतं. मला माहीत नव्हतं." तो काही बोलला नाही. दोन दिवस बोलला नाही. फक्त दर दोन दिवसांनी वेळेवर नळी घेऊन तळ साफ करत राहिला, आणि मिठाचं वजन स्वतः काट्यावर करू लागला. माझ्यावर सोडलं नाही.

किती दिवस?

शेवटचा ठिपका बटाट्याच्या शेपटीवर २० तारखेला दिसला. या वेळी आम्ही थांबलो नाही. गरम पाण्यात शेवटचा ठिपका गेल्यावर निदान आठवडाभर तरी उपचार चालू ठेवायचा, एकूण दहा ते चौदा दिवस धरून चालायचं. थंड पाण्यात त्याहून कितीतरी जास्त. २२ तारखेला रात्री दोन तास लाईट गेली. टाकीला जुनी रजई गुंडाळली, आणि एअरपंप बंद म्हणून भाऊ मगाने पाणी काढून वरून परत ओतत बसला. त्याने पाण्यात हवा मिसळते, हे मी त्याला सांगितलं नव्हतं. त्याने विचार करून काढलं.

नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्साला निघताना गोठ्याशेजारची टाकी ३० अंशांवर होती. भावाने थर्मामीटर बघितला, वहीत आकडा लिहिला आणि मगच बूट घातले. २९ तारखेला उपचार संपले. हीटर रोज एकेक अंश उतरवत नेला, आणि पाणी बदलत बदलत मीठ कमी केलं.

बटाटा जिवंत आहे. शेपटीची एक कड झिजली ती तशीच राहिली. इकमधून वाचलेल्या माशाला या आजाराविरुद्ध काही काळ थोडी प्रतिकारशक्ती येते म्हणतात. पण त्याच्या भरवशावर राहणार नाही.

हे सगळं टाळता आलं असतं का?

आलं असतं, एका बादलीत. नवा मासा आणला की त्याला थेट टाकीत सोडायचं नाही. निराळ्या बादलीत किंवा टबात, निराळ्या स्पंजावर, निराळ्या जाळीने, दोन ते तीन आठवडे ठेवायचं. आजार असेल तर तिथेच दिसतो. पिशवीतलं पाणी टाकीत ओतायचं नाही, मासा जाळीने उचलून सोडायचा. ओली जाळी एका टाकीतून दुसऱ्या टाकीत न्यायची नाही. ती उन्हात खडखडीत वाळवायची, कोरडेपणा या परजीवीला सोसत नाही. आणि विकत घेताना दुकानातल्या त्या टाकीतला प्रत्येक मासा बघायचा, एकाच्या अंगावर जरी रवा असेल तरी त्या टाकीतला एकही घ्यायचा नाही.

आणखी एक कबुली. दोन फुटी टाकीत चार गोल्डफिश मुळात जास्तच होते. गोल्डफिश मोठे होतात आणि घाणही भरपूर करतात. पन्नास लिटरमध्ये दोन म्हणजे दाटीच. दाटी, थंडी आणि नवे पाहुणे, तिन्ही एकदम आले. परजीवीला यापेक्षा चांगलं आमंत्रण कुठलं?

हा परजीवी माणसाला होत नाही, तेव्हा घरच्यांना घाबरवू नका. तरी हाताला जखम असेल तर टाकीत हात घालू नका, कारण टाकीच्या पाण्यात इतर काही जिवाणू असतात जे जखमेतून शिरू शकतात. काम झाल्यावर साबणाने हात धुवा.

काल भावाने विचारलं, बटाट्याला सोबती आणायचा काय? मी म्हटलं, आधी मोठी टाकी. तो आत गेला आणि एक निळी बादली घेऊन आला. तिच्यावर त्याने मार्करने लिहिलं होतं, 'फक्त नव्या माशांसाठी. अक्काने हात लावायचा नाही.'